कडेवर

“ती कड उपटायला लागलेत म्हणे. सांगून ठेवते केतकी, कुणीतरी हरवणार.”

माई तेरदाळकर आमच्या फाटकाशी उभ्या राहून हे म्हणाल्या तेव्हा मी जुईच्या केसांत क्लिप अडकवत होते आणि जुई ती काढून टाकत होती.

“कसली कड?”

“रस्त्याची गं. फूटपाथची. दगडी कड.”

“मग त्यात हरवण्यासारखं काय आहे माई? जुने दगड काढणार, सिमेंटचे बसवणार. वर काळे-पिवळे पट्टे मारणार. आपली कॉलनी जरा बरी तरी दिसेल.”

“बसवतील तेव्हा बसवतील. मधल्या दिवसांचं काय?”

मी हसले. वयस्कर माणसं नव्या कामाचा धसका घेतातच. पाण्याची पाइपलाइन बदलली तेव्हा आमच्या घरमालकांनी आठवडाभर चूळसुद्धा साठवलेल्या पाण्याने भरली होती. माईंचंही तसंच काहीतरी असेल म्हणून मी ते बोलणं तिथेच सोडून दिलं. माईंनी हात पुढे केला, जुईने त्यांचं बोट पकडलं आणि दोघी फेरीला निघाल्या.

तेव्हा आम्ही मिरजेत होतो. परागची बदली झाली होती आणि वरच्या मजल्यावरचं घर भाड्याने मिळालं होतं. मी मानसशास्त्रात एम. ए. केलेलं. मुलांच्या मनाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण माझ्या मुलीच्या पायांबद्दल कुठल्याच पुस्तकात काही नव्हतं. जुई चार वर्षांची होती आणि पळायची. फुगा दिसला पळ, मांजर दिसलं पळ. एकदा माझ्या हातातून निसटून ती कापूस मिठाईवाल्याच्या मागे थेट रस्त्याच्या मध्यावर गेली. एका टेम्पोने करकचून ब्रेक दाबला. ड्रायव्हरने मला दिलेल्या शिव्या मला आजही पाठ आहेत. त्या दिवसापासून मला झोपेतही ब्रेक ऐकू यायचा. मी तिला समजावलं, रागावले, चित्रं काढून दाखवली. ‘थांब’ म्हटलं की ती पळायलाच सांगितल्यासारखी पळायची.

अशा मुलीला मी कुणाबरोबर बाहेर सोडेन असं मला वाटलं नव्हतं. पण माई शेजारच्या बंगलीत एकट्या राहायच्या, शाळेत मास्तरीण म्हणून सगळी नोकरी केलेल्या, आणि जुई त्यांचं ऐकायची. का ऐकायची ते कळत नव्हतं. मी गॅलरीतून पाहत राहायचे. परागच्या भाषेत, पाळत ठेवायचे.

आणि पाहता पाहता मला माईंचंच कुतूहल वाटायला लागलं.

एक तर माई फूटपाथवरून कधी चालत नसत. फूटपाथच्या खाली, रस्त्यावर, पण अगदी चिकटून. त्यांची डावी चप्पल त्या काळ्या दगडांना घासत जायची. खर्र, खर्र. आवाजावरून मला घरात बसून कळायचं की माई निघाल्या. दुसरं म्हणजे त्या फाटकातून बाहेर पडल्या की डावीकडे वळायच्या आणि परत यायच्या त्या उजवीकडून. सगळ्या चौकोनाला वळसा घालून. आल्या वाटेने परत फिरलेल्या मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. रस्ता ओलांडलेलंही पाहिलं नाही. समोरच डेअरी असताना त्या दही आणायला पार मागच्या रस्त्यावर जात.

“नवस बोलल्या असतील,” पराग म्हणाला. “किंवा डेअरीवाल्याशी भांडण.”

“आणि डावी चप्पल? ती बघ ना कशी झिजलीय. अंगठ्यापाशी पार कातडं गेलंय. उजवी नवी कोरी.”

“केतकी, तू आता लोकांच्या चपला बघतेस?”

शेवटी मी माईंनाच विचारलं. “वर चढा की माई. फूटपाथ कशाला आहे?”

“वर काय आहे? स्कूटरी, दुकानांच्या पायऱ्या, कुंड्या, गटाराची उघडी झाकणं. खाली आपली नुसती कड. ती बिचारी जागची हलत नाही.”

उत्तर बरोबर होतं, तरी माझं समाधान झालं नाही.

जुई घरी आली की रोज एकच बातमी द्यायची. “आई, आज मी सगळीकडे कडेवर होते!”

सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. मग काळजी लागली. कोपऱ्यापर्यंत मला त्या दिसायच्या, जुई फूटपाथवरून तुरुतुरु चालताना. पण कोपरा वळला की? माई सत्तरीच्या पुढच्या, बारीक, आणि ही पोर भरलेल्या पोत्यासारखी. तिला घेऊन कुठे पडल्या तर?

“माई, तिला कडेवर नका हं घेत जाऊ. जड आहे ती. तुमची कंबर जाईल.”

माई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “मी कुठली घेते तिला! तीच नेते मला.”

“हो, मीच नेते,” जुई म्हणाली.

आज्यांना नातवंडांचं कौतुक असतंच. मी माईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांना पाणी दिलं.

पण ‘कुणीतरी हरवणार’ या माईंच्या इशाऱ्यानंतर मी रस्त्याच्या कडेकडे बघायला लागले हे खरं. एवढी वर्षं ज्यावर पाय देऊन चढले-उतरले, ती गोष्ट मी कधी पाहिलीच नव्हती. काळा दगड, वर चढायला लागेल एवढा उंच, बाहेरची बाजू तासलेली. त्यावर सकाळी दुधाच्या पिशव्या ठेवल्या जात. दुपारी त्यावर पेपर अंथरून रिक्षावाले डबा खात. कुत्री त्यावर हनुवटी टेकवून झोपत. बँकेपलीकडे काम सुरू होतं तिथे मी एकदा भाजी आणायला गेले, तर मुकादम खुर्ची टाकून बसला होता. त्यालाच विचारलं.

“हे दगड नेमके कशासाठी असतात हो?”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पेपरातनं आलाय का?”

“नाही हो. इथेच राहते.”

“कर्ब म्हणतात ह्याला. आता तुमच्या साडीला काठ असतोय का न्हाई? काठ नसला तर सूत सुटत जातंय. तसंच डांबर सुटतंय. आणि पाणी बघा, ते कडेकडेनं जाळीत जातंय. गाडी वर चढत न्हाई.”

“आणि माणसांना काय उपयोग?”

त्याने जरा विचार केला. “बसत्यात की त्येच्यावर.”

हरवण्याबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. मीही विचारलं नाही. वेड्यात काढलं असतं.

त्या दिवसांत माई मात्र रोज फाटकाशी आल्या की पहिलं विचारायच्या, “कुठपर्यंत आलेत गं?”

“अजून बँकेपलीकडेच आहेत. आपल्या बाजूला नाहीत आले.”

“म्हणजे आज जायला हरकत नाही,” असं पुटपुटून त्या निघायच्या. दगड उपटणारी माणसं म्हणजे गावात वाघ शिरला असावा अशी ती चौकशी. त्यांचा मुलगा श्रीधर बडोद्याला होता. तो रोज फोन करून ‘आई, इकडे ये’ म्हणायचा. माई म्हणायच्या, “नवव्या मजल्यावर राहतो तो. तिथे जाऊन मी काय करू? लिफ्ट वर गेली, लिफ्ट खाली आली, एवढंच ऐकत बसू?”

ज्या दिवसाचं सांगते आहे त्या दिवशीही माईंनी विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. आदल्या दिवसापर्यंत ते खरंच होतं. दोघी निघाल्या. खर्र, खर्र. कोपऱ्यावर जुईने वळून मला टाटा केला. मी चहा टाकला, कपडे आत आणले. समोरचा गिरणीवाला शटर ओढायचा त्या सुमाराला त्या रोज उजवीकडून उगवायच्या. गिरणीवाल्याने शटर ओढलं, कुलूप लावलं, कुलूप ओढून पाहिलं आणि सायकलवर बसून गेला. रस्त्याच्या उजव्या टोकाला कुणीच नव्हतं.

वाट बघणारी आई किती थांबू शकते? मी तेवढी थांबले नाही. पायात परागच्या स्लीपर्स होत्या, तशीच खाली धावले आणि उजवीकडे निघाले. त्या जिथून येतात तिथूनच उलट जावं म्हणजे वाटेत भेटतील, एवढाच विचार.

कोपरा वळले आणि पाय थांबले. तिथे कडच नव्हती. बँकेकडून येणारी माणसं एक अख्खा तुकडा सोडून आज इकडूनच सुरुवात करून मोकळी झाली होती. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये लांबलचक चर, त्यात चिखल, बाजूला उपटलेल्या दगडांचे ढीग. दात काढलेल्या तोंडासारखा दिसत होता तो रस्ता. टेम्पो, रिक्षा, सहा आसनी सगळे फूटपाथच्या फरशीपर्यंत घुसून पुढे जात होते. आपण रस्त्यावर आहोत की फूटपाथवर, तेच कळत नव्हतं.

दोन कामगार घमेली धूत होते.

“दादा, एक आजी पाहिल्यात का? आणि कडेवर छोटी मुलगी, पिवळ्या फ्रॉकमधली?”

“कडेवर पोर घेतलेली म्हातारी? न्हाई ओ ताई.”

“एक गेली की मगाशी,” दुसरा म्हणाला. “पर ती तरणी होती. हिरवी साडी. पोरगं होतं कडेवर, रडत होतं.”

मला बाकी काही ऐकू आलं नाही. रडत होतं. कुणीतरी जुईला उचलून नेलं, माई कुठेतरी पडल्या, हे सगळं चित्र माझ्या डोळ्यांसमोर तयारही झालं. त्याने हात दाखवला त्या बोळात मी घुसले. हिरवी साडी एका दारात चपला काढत होती. मी तिचा खांदा धरून तिला वळवलं. तिच्या कडेवर डोळ्यांत काजळ भरलेलं एक गुटगुटीत पोरगं होतं. ते मला बघून आणखी जोरात रडलं.

“काय वो बाई?”

“काही नाही. चुकलं. माफ करा.”

परत चरापाशी आले तेव्हा माझा श्वास पुरत नव्हता. मी दिसेल त्याला विचारत सुटले. आजी, कडेवर मुलगी. पंक्चरवाला नाही म्हणाला. औषधांच्या दुकानातला पोऱ्या नाही म्हणाला. कोपऱ्यावर फुलांची टोपली घेऊन कलावती मावशी बसायच्या. त्यांनी गजरा ओवता ओवता माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

“कडेवर घेतलेली कशाला सांगताय वो सगळ्यास्नी? म्हणून तर कुणाला गावंना. तुमची पोर कुठं बसतीया कुणाच्या कडेवर?”

“म्हणजे?”

“आवो, कडेवरची पोर ती! दगडावरनं चालतीया न्हवं, डोंबाऱ्याची पोर दोरीवरनं चालती तशी. आजी खाली, पोर कडेवर. रोज जात्यात की हितनं. पोर वरडत असती, ‘माई खड्डा, माई गाडी, माई पायरी.’ मला वाटायचं खेळ चाललाय आजी-नातीचा.”

कडेवर. माझ्या कमरेवरची कड मला ठाऊक होती, रस्त्याची नव्हती. जुई मला रोज खरं तेच सांगत होती.

“आज अजून न्हाई आल्या,” मावशी म्हणाल्या. “कड काढली न्हवं आज. कशाला येत्याल?”

कशाला येतील. मी त्या उपटलेल्या चराच्या बाजूने चालायला लागले, मग धावायला. चर संपेल तिथपर्यंत. जिथे कड संपली असेल तिथे.

पुढच्या कोपऱ्यावर ट्रान्सफॉर्मरच्या खांबाखाली न उपटलेला शेवटचा दगड होता. त्यावर माई बसल्या होत्या, दह्याची पिशवी मांडीवर घेऊन. शेजारी जुई, पिवळा फ्रॉक गुडघ्यांवर ओढून. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, कुल्फीवाला घंटी वाजवत होता. तीन-चार मुलं त्याच्याभोवती उड्या मारत होती. जुई त्या कुल्फीकडे भुकेल्या मांजरासारखी बघत होती. आणि जागची हलत नव्हती.

मध्ये टेम्पो जात-येत होते.

मी तिला उचलली, खरोखरीच्या कडेवर घेतली आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं.

“आई, दुखतंय,” ती म्हणाली. “कड संपली ना, म्हणून आम्ही बसलो.”

“पळाली नाहीस तू? कुल्फीकडे?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही समजत नाही. “कड नाहीये ना तिकडे! कड संपली की बसायचं. मग कुणीतरी येतं.”

“कोण आलंय जुई?” माईंनी विचारलं. “आई का?”

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता, कुल्फीवाल्याकडेही नव्हता. तो सरळ समोर होता. मी हळूच एक पाऊल बाजूला सरकले. चेहरा तसाच राहिला.

फाटकाशी उभ्या राहून रोज माझ्याशी बोलणाऱ्या माई. क्लिप कुठली, फ्रॉक कुठला, हे कधी न विचारणाऱ्या माई. माझ्या आवाजाकडे हसणाऱ्या.

“माई,” मी म्हटलं, “केव्हापासून?”

त्यांनी उत्तर टाळलं नाही. “आधी कडा गेल्या गं. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेना. दार उघडलं की चौकट खांद्याला लागायची. मला वाटलं वय झालं. मग समोरचंही आकसत आलं. आता नळीतून बघावं तसं दिसतं, तेही धूसर. डोळ्यांची कड गेली म्हटल्यावर रस्त्याची धरली. ती चुकली नाही कधी.”

“आणि श्रीधरदादांना?”

“त्याला कळलं की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात. इथे मला माझं घर पावलांनी येतं. तिथे सगळं नवं. नवव्या मजल्यावर कुठली कड?”

“पण जुईला कळलं होतं?”

“पहिल्याच दिवशी. चिंच दे म्हणाली, मी दुसऱ्याच बाजूला हात केला. म्हणाली, माई, तुला दिसत नाही का? म्हटलं, नाही. म्हणाली, मग मी सांगते.” माईंनी दह्याची पिशवी मांडीवर सारखी केली. “तुझी मुलगी मी धोक्यात घातली असं तुला वाटत असेल. ती कधी उतरली नाही हो खाली. मी तिला पहिला धडा तोच दिला. कडेच्या आत आपलं, कडेच्या बाहेर गाड्यांचं. पोरांना ‘थांब’ कळत नाही. कुठे थांबायचं ते दाखवलं की कळतं.”

मला राग आला होता का? आला होता थोडा. पण माझ्या कमरेवर माझी मुलगी अख्खी होती, आणि समोर कुल्फीची घंटी वाजतच होती.

“चला,” मी म्हटलं. “घरी जाऊ.”

“कशी जाऊ? पुढे कड नाही. मागे फिरावं तर गाड्या समोरून अंगावर.”

मी जुईला फूटपाथच्या आतल्या बाजूला उतरवलं आणि माईंच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांचा हात धरला आणि माझी उजवी स्लीपर त्यांच्या झिजलेल्या चपलेला टेकवली. त्यांना एका क्षणात समजलं. आम्ही चालायला लागलो. दर पावलाला त्यांची चप्पल माझ्या पायाला घासायची, आधी चाचपडत, मग न थांबता. “माई चर, माई दगड,” जुई पलीकडून ओरडत होती. कलावती मावशींनी गजरा खाली ठेवला आणि बघत राहिल्या.

फाटकाशी पोचल्यावर माईंनी माझा हात सोडला नाही.

“केतकी, श्रीधरला सांगशील तू. तुझ्या आवाजावरून कळतंय मला. सांग. पण सांगताना माझी कड घेशील?”

दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा माई शेजारी बसल्या होत्या. श्रीधरदादा आधी माझ्यावर चिडले, मग आईवर, मग बराच वेळ कुणावरच नाही. आठवड्याभरात ते आले आणि आम्ही सगळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली थेंबांनी राखता येते, असं डॉक्टर म्हणाले. मग चष्मा पुसत सहज म्हणाले, “आधी आणलं असतं तर बरंच राहिलं असतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?” श्रीधरदादा खाली बघत होते. मीही.

वाद खूप झाला. मी माईंची कड सोडली नाही. शेवटी माई मिरजेतच राहिल्या, सोबतीला एक बाई ठेवून. नव्या सिमेंटच्या दगडांवरून पहिली फेरी जुईनेच काढली. रंग ओला होता, तिच्या सॅन्डलला पिवळा लागला तो शेवटपर्यंत निघाला नाही.

आता आम्ही दुसऱ्या गावी आहोत. जुई सायकल चालवते. गल्लीच्या तोंडाशी आली की कुणी न सांगता पाय टेकते आणि चाक फूटपाथच्या कडेला लावून उभी राहते. रविवारी माईंचा फोन येतो. त्या आधी तिच्याशी बोलतात.

मला अजून एकच गोष्ट सलते. डावी चप्पल मी रोज बघत होते. त्यावर घरात गप्पा मारल्या, हसलेसुद्धा. ती का झिजते हे दार ठोठावून नीट विचारायला मात्र मुलगी हरवावी लागली.

म्हणून एक मागते. तुमच्या शेजारी, वरच्या मजल्यावर, मागच्या गल्लीत कुणी एकटं राहत असेल. भिंतीला धरून चालत असेल, रस्ता ओलांडायचं टाळत असेल, तुमच्या चेहऱ्याकडे न बघता तुमच्या आवाजाकडे हसत असेल. आज त्यांच्या दारात जा. काही निमित्त काढा, दही मागा. आणि आत जाण्यापूर्वी उंबऱ्याबाहेर काढलेल्या त्यांच्या चपला बघा. एकच झिजली असेल, तर आत जाऊन विचारा.